पहाटे पाचला जागं असणारं होस्टिंग: डिजिटलओशन ॲप प्लॅटफॉर्म, आठ महिने वापरून

आमचं गाव भूम तालुक्यातलं, धाराशिव जिल्हा. बालाघाटाचा माथा, पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरटी दोन-चार जनावरं आणि दूध हाच त्यातल्या त्यात पक्का पैसा. आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, गावात दूध संकलन केंद्र आहे, दोन्ही टायमाचं मिळून रोज नऊशे लिटरच्या आसपास दूध येतं, एकशे चाळीस खातेदार. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, पायथन बऱ्यापैकी येतं, म्हणून तात्यांसाठी एक छोटं वेब ॲप बनवलं. खातं नंबर टाका, लिटर टाका, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाका, दरपत्रकावरून भाव निघतो, पावती निघते, आणि दर दहा दिवसांनी पगाराचा कागद तयार. बनवायला तीन आठवडे लागले, पण ते इंटरनेटवर नीट चढवायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि जीवाला घोर लागला तो वेगळाच, म्हणून हे सविस्तर लिहिते, कारण मराठीत असलं काही शोधायला गेलं की सापडत नाही.

आधीच सांगते, रोज पैशाचा हिशोब चालणारं छोटं ॲप असेल तर डिजिटलओशन कंपनीचं ॲप प्लॅटफॉर्म घ्या, आपण कोड द्यायचा आणि ते तो त्यांच्या सर्व्हरवर चालवतात, मी समाधानी आहे. फक्त डेटाबेसचा खर्च आधी समजून घ्या, ॲपचे ५ डॉलर बघून लगेच कार्ड काढू नका.

सुरुवातीला मी दुसऱ्याच एका प्लॅटफॉर्मवर फुकट प्लॅनमध्ये टाकलं होतं. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी काही फसवलं नाही, सगळं त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. कॉलेजला असताना आम्ही सगळे हेरोकूवर शिकलो, गिट पुश केलं, म्हणजे लॅपटॉपवरचा कोड वर पाठवला, की पलीकडं ॲप चालू, ही पद्धत त्यांनीच रुळवली. पण हेरोकूचा फुकट प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, तरी यूट्यूबवर जुने व्हिडिओ तसेच पडून आहेत आणि पोरं ते बघून अजून फुकटचंच शोधत बसतात. मीही तेच केलं.

पहिला खरा दिवस मला अजून आठवतो. डिसेंबर, पहाटेचे पाच, बाहेर कडाक्याची थंडी, केंद्राच्या दारात पंधरा-वीस जण किटल्या घेऊन उभे, ॲनालायझर चालू, काटा चालू, आणि तात्यांच्या मोबाईलवर पांढरा पडदा आणि त्यावर गोल चाक फिरतंय. मी अंथरुणात. फोन वाजला. "अगं बाय, हे नुसतं फिरायलंय की! दूध घिऊ का नको?" फुकट प्लॅनवरचं ॲप काही वेळ कुणी उघडलं नाही की झोपतं, आणि रात्रभर कोण उघडणार, मग पहाटेचा पहिला माणूस आला की ते उठायला जवळजवळ एक मिनिट घेतं. एक मिनिट म्हणजे काय एवढं, असं ऑफिसात बसून वाटतं. केंद्रात तसं नसतं. टेम्पो सातला येतो, लोकांना घरी जाऊन दुसऱ्याच्या रानात कामाला जायचं असतं, लहान पोरं किटली घेऊन आलेली असतात त्यांची शाळा असते. तात्यांनी मुकाट्यानं वही काढली आणि वहीत लिहायला सुरुवात केली.

मग इंटरनेटवर सगळे सांगतात ती युक्ती केली, दर दहा मिनिटांनी बाहेरून एक पिंग (नुसती हाक) मारायचा म्हणजे ॲप झोपत नाही. चाललं. चार दिवस एकदम छान. पाचव्या दिवशी मी पावतीवरचं केंद्राचं नाव जरा मोठं केलं, एवढासा बदल, पुश केला, डिप्लॉय झालं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढला, हिरवी टिक आली. संध्याकाळी तात्यांनी ॲप उघडलं तर नोंदी शून्य. चार दिवसांचं सगळं दूध गेलं.

झालं असं होतं की मी डेटा एसक्यूलाईटमध्ये ठेवला होता, म्हणजे ॲपच्या शेजारीच पडलेली एक फाईल. लॅपटॉपवर ती फाईल कायम असते. पण असल्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक डिप्लॉयला नवा कंटेनर, म्हणजे ॲप ज्यात चालतं तो डबा, उभा राहतो, जुना टाकून दिला जातो, आणि त्याच्या डिस्कवर जे काही लिहिलं असेल ते त्याच्यासोबत जातं. हे एका कंपनीपुरतं नाही बरं का, डिजिटलओशनच्या ॲप प्लॅटफॉर्मवरही असंच आहे, तिथंही डिस्क तात्पुरतीच. ज्यांनी फोटो, पावत्या, एक्सेल फायली ॲपच्या फोल्डरमध्ये साठवायचा विचार केलाय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. डेटा डेटाबेसात, फायली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फायलींसाठीची वेगळी, कायमची साठवण), ॲपच्या फोल्डरात फक्त कोड.

त्या रात्री मी आणि माझी चुलत बहीण वही घेऊन बसलो. पहिल्या पहाटेनंतर तात्यांनी वही बंदच केली नव्हती, ॲपवर टाकायचे आणि वहीतही लिहायचे. ती वाचायची, "सत्तावीस, सकाळ, सहा पॉईंट चार, फॅट तीन सात, डिग्री सत्तावीस", आणि मी टाकायचे, डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, फॅटसोबत त्यावरून एसएनएफ निघतो. हजाराच्या वर नोंदी. रात्री दोन वाजले. तात्या मध्ये एकदा चहा ठेवून गेले, एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. एकशे चाळीस घरांचा पगार माझ्या एका फाईलवर उभा होता आणि ती फाईल कुठं राहते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी पैसे देऊन होस्टिंग घ्यायचं ठरवलं आणि यावेळी आधी सगळं वाचलं.

निवडताना तीन गोष्टी बघितल्या: ॲप झोपलं नाही पाहिजे, डेटाबेसचा रोज बॅकअप पाहिजे, आणि महिन्याचं बिल आधीच कळलं पाहिजे. भारतात सर्व्हर असलेले मोठे आहेतच, ॲमेझॉनचं मुंबई रीजन (सर्व्हर ठेवलेलं ठिकाण) २०१६ पासून आहे, गूगलचंही मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यात, आमच्यापासून सगळ्यात जवळ. पण तिथं बिल तुकड्या-तुकड्यांनी येतं, सर्व्हरचे वेगळे, डिस्कचे वेगळे, डेटा बाहेर गेला त्याचे वेगळे, आणि तात्यांना मला एक आकडा सांगायचा होता. डिजिटलओशनचं बेंगळुरूला डेटा सेंटर आहे, आणि ॲप प्लॅटफॉर्मवर ठरलेल्या साईझचा ठरलेला दर. म्हणून ते. अमेरिकेतला सर्व्हर घेतला तर प्रत्येक क्लिकला नुसती जाऊन-येऊन पाव सेकंदाची फेरी पडते, आणि आमच्या फॉर्मवर एका खातेदाराला तीन-चार वेळा सर्व्हरशी बोलावं लागतं. बेंगळुरू घेतल्यावर तात्यांनी नंबर टाकला की नाव लगेच येतं. हा फरक त्यांना कुणी सांगावा लागला नाही.

आता प्रत्यक्ष डिप्लॉय. गिटहब, जिथं आपला कोड ठेवलेला असतो, ते जोडायचं, रिपॉझिटरी (कोडचं फोल्डर) आणि ब्रँच (त्या कोडची कुठली शाखा) निवडायची, रीजन निवडायचं, साईझ निवडायची. रिक्वायरमेंट्सची फाईल (लागणाऱ्या पॅकेजची यादी) बघून ते स्वतःच ओळखतं की हे पायथन आहे, डॉकरफाईल (कंटेनर कसा बनवायचा ते लिहिलेली फाईल) असेल तर ती घेतं. पासवर्ड आणि सीक्रेट की कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडच्या बाहेर ठेवलेलं सेटिंग) टाका आणि शेजारी एन्क्रिप्ट वर टिक करा, मग ती नंतर कुणालाच दिसत नाही. डेटाबेस जोडला की त्याचा पत्ताही व्हेरिएबलमधूनच मिळतो. स्वतःचं डोमेन लावलं तर एसएसएल (पत्त्याशेजारचं सुरक्षेचं कुलूप) आपोआप, वेगळे पैसे नाहीत, त्यात काही सांगण्यासारखं नाही, झालं एकदाचं.

एक जागा मात्र अशी आहे जिथं पहिल्यांदा करणारा हमखास अडतो, मी आधीच्या ठिकाणी दोन संध्याकाळी घालवल्या म्हणून इथं अडले नाही. बिल्ड लॉगमध्ये सगळं हिरवं दिसतं, पॅकेज उतरले, बिल्ड पूर्ण, आणि मग शेवटी हेल्थ चेक फेल. ॲप तर लॅपटॉपवर चालतंय! कारण काय तर फ्लास्क, म्हणजे पायथनमधलं वेब ॲप बनवायचं साधन, त्याचा स्वतःचा सर्व्हर १२७.०.०.१ वर ५००० पोर्टला (पोर्ट म्हणजे दाराचा नंबर) ऐकत बसतो. १२७.०.०.१ म्हणजे स्वतःच्या घरातल्या घरात, बाहेरून कुणी हाक मारली तर ऐकूच येत नाही. प्लॅटफॉर्म बाहेरून दार वाजवतो, आत कुणी ऐकत नाही, त्याला वाटतं ॲप मेलं. उपाय सोपा आहे, फ्लास्कचा सर्व्हर फक्त लॅपटॉपपुरता ठेवा, इथं गनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा खऱ्या कामाचा सर्व्हर) वापरा, ०.०.०.० वर, म्हणजे बाहेरचीही हाक, ऐकायला लावा आणि पोर्टचा नंबर स्वतः लिहू नका, पोर्ट नावाच्या व्हेरिएबलमधून घ्या. ॲप प्लॅटफॉर्मवर वेगळं काही सांगितलं नाही तर ८०८० असतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नवं व्हर्जन चढवताना जुनं बंद पडत नाही. नवा कंटेनर उभा राहतो, हेल्थ चेक पास होतो, मगच लोक तिकडं वळतात, आणि पास नाही झाला तर जुनंच चालू राहतं. तरी मी दूध घ्यायच्या टायमाला पुश करत नाही, दुपारी बारा ते तीन हीच माझी वेळ. मार्चमध्ये दरपत्रक बदललं, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जो मूळ भाव असतो त्याच्या खाली उतरलं की कपात कशी लागते ते मी नव्यानं लिहिलं आणि एका ठिकाणी माझं चुकलं, ८.३ च्या दुधाला दुप्पट कपात लागायली. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तात्यांचा फोन, रांग उभी. डॅशबोर्डवर मागच्या डिप्लॉयमेंटच्या यादीत जाऊन दुपारच्या आधीचं निवडलं, रोलबॅक दाबलं, आणि पुढच्या दोघा-तिघांचं दूध मोजून होईपर्यंत जुना हिशोब परत चालू. मागच्या १० यशस्वी डिप्लॉयमेंटपैकी कुठल्याही एकावर असं परत जाता येतं. पण रोलबॅकनं फक्त कोड मागं जातो, डेटाबेसात ज्या चुकीच्या रकमा आधीच लिहिल्या गेल्या त्या तशाच राहतात, त्या अकरा पावत्या मला हातानं दुरुस्त कराव्या लागल्या आणि तात्यांनी त्या अकरा घरी निरोप धाडला.

आता तारखेचं सांगते, कारण हे कुठल्याही कंपनीचं होस्टिंग घेतलं तरी लागू आहे आणि दूधवाल्यांना तर जास्तच. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख. दुपारी चालणाऱ्या दुकानाला हे वर्षानुवर्षं कळणार नाही. आमच्याकडं दूध पाचला चालू होतं. तर अकरा तारखेच्या पहाटे पाच ते साडेपाचमध्ये जे दूध आलं ते दहा तारखेला पडलं, आणि आमचा पगार १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर असा असतो, म्हणजे ते दूध मागच्या पगारात जाऊन बसलं. शेजारच्या मावशी कागद घेऊन आल्या, अकराला त्यांचं दूध पहिलं होतं, आणि म्हणाल्या, "पोरी, माझ्या धा तारखंला दोन सकाळी कशा गं? आन अकराची सकाळ कुठं गेली?" मावशींना लिहिता येत नाही, पण आकडे आणि रोजचं लिटर तोंडपाठ. मी लॅपटॉपवर पन्नास वेळा तपासलं, तिथं बरोबर, कारण लॅपटॉपचं घड्याळ भारताचं. चूक माझ्या कोडची होती. डेटाबेसात वेळ यूटीसीतच ठेवा, ते योग्यच आहे, पण त्यावरून तारीख काढताना एशिया/कोलकाता (भारताची वेळ) लावूनच काढा, नुसतं आजची तारीख असं सर्व्हरला विचारू नका.

तसंच पगाराच्या पीडीएफचं. लॅपटॉपवर सुंदर मराठी, सर्व्हरवर काढली तर नावाच्या जागी सगळे चौकोन. सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो, असेल असं धरून चालू नका. मी नोटो सॅन्स देवनागरीची फाईल प्रोजेक्टमध्येच ठेवली आणि स्टाईलशीटमध्ये तिचा पत्ता दिला, त्यानंतर जोडाक्षरंसुद्धा नीट येतात. लोकांच्या हातात त्यांच्या नावाचा कागद जातो, त्यावर नाव तरी बरोबर पाहिजे.

खर्चाचं. ॲपची सगळ्यात छोटी साईझ ५१२ एमबीची, ५ डॉलर महिना. डेटाबेसात दोन पर्याय, एक ७ डॉलरचा डेव्ह डेटाबेस, तो चाचणीसाठी आहे, खऱ्या कामाला वापरू नका, आणि दुसरा मॅनेज्ड पोस्टग्रेस, म्हणजे कंपनी स्वतः सांभाळते तो डेटाबेस, तो १५ डॉलरच्या आसपास सुरू होतो. मॅनेज्डमध्ये रोजचा बॅकअप आहे आणि मागच्या ७ दिवसांतल्या कुठल्याही वेळेवर परत जाता येतं. ती वहीची रात्र काढल्यावर मी दुसरा विचारच केला नाही. वर १८ टक्के जीएसटी. सगळं धरून २४ डॉलरच्या आसपास, रुपयात दोन हजारांच्या पुढं, डॉलर वर गेला की बिल वर, ही गोष्ट मनाला लागतेच कारण दुधाचा भाव काही डॉलरसोबत वाढत नाही. पैसे कार्डनं द्यायचे तर कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात, ते आधी बघा.

तात्यांना आकडा सांगायला मी घाबरत होते. दोन हजार म्हणजे आमच्याकडं एका जनावराच्या पेंडीचं पोतं आणि वर काही. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं, नऊशे लिटर, तीस दिवस, सत्तावीस हजार लिटर, आणि म्हणाले, "लिटरला आठ पैसं पडायले. पावतीबुकं छापायला आन पगाराच्या दिवशी हिशोबाला माणूस बसवायला ह्याच्यापेक्षा जास्त जातेत." त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यामुळं कुणी विचारलं की हे महाग आहे का, तर मी डॉलरमध्ये सांगत नाही, आठ पैसे लिटर सांगते. तुमचं केंद्र शंभर लिटरचं असेल तर हेच सत्तर पैशांच्या पुढं जातं आणि मग परवडत नाही, अशा वेळी तीन-चार केंद्रांनी मिळून एकच ॲप चालवावं, डेटाबेस एकच लागतो.

५१२ एमबी मेमरी आमच्या कामाला पुरते, पण जपून वापरावी लागते. एकशे चाळीस पगाराच्या पीडीएफ एका दमात काढायला जाऊ नका, मी वीस-वीसच्या गठ्ठ्यानं काढते. गनिकॉर्नचे दोनच वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या ॲपच्या प्रती). सगळ्यात छोट्या मॅनेज्ड डेटाबेसला २२ कनेक्शन मिळतात, दोन वर्करला ते भरपूर.

बाकी गावातली लाईट जाते, टॉवर बंद पडतो, त्याला बेंगळुरूचा सर्व्हर काय करणार. त्यासाठी मी नोंद आधी मोबाईलमध्येच साठवून ठेवायची सोय केली, रेंज आली की वर जाते. डॅशबोर्ड आणि माहितीची पानं सगळी इंग्रजीत आहेत, लिहिलीत चांगली, पण तात्यांना एकट्याला तिथं काही करता येणार नाही, हे मान्य करूनच घ्यायचं. मी बिलाची मर्यादा ठरवून ईमेलचा अलर्ट लावून ठेवलाय आणि ॲप बंद पडलं तर मला मेसेज येईल अशी सोय केलीय, गेल्या आठ महिन्यांत पहाटेचा फोन एकदाही आला नाही.

वही तात्यांनी अजून सोडली नाही. फक्त आता दर खातेदाराचं लिहीत नाहीत, प्रत्येक टायमाची एकूण लिटरची बेरीज लिहितात आणि ॲपमधल्या बेरजेशी जुळवून बघतात. मीच त्यांना सांगितलं, चालू ठेवा.

कुणाला दूध केंद्रासाठी असंच काही टाकायचं असेल तर विचारा, गनिकॉर्नची ओळ, तारखेची ओळ आणि फॉन्टची ओळ आहे तशी देते.